वाचकांचे प्रश्न : हिमोग्लोबिनमधले संपर्क मोजताना

सिकलसेल हा हिमोग्लोबिनमधल्या बदलामुळे होणारा रक्ताचा आजार विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात फार परिचित. त्यामुळे तिकडचे विद्यार्थी प्रकल्पासाठी हिमोग्लोबिन निवडतात, यात नवल नाही. या महिन्याचे चारही प्रश्न त्याच रेणूवरचे आहेत. संपर्क म्हणजे रेणूतले दोन भाग एकमेकांच्या अगदी जवळ असणं.

प्रश्न : पीडीबी या प्रथिनरचनांच्या संग्रहातून २एचबीएस ही सिकल हिमोग्लोबिनची रचना उतरवली. बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल, म्हणजे व्हॅलिन, शेजारच्या रेणूतल्या फेनिलअलानिन ८५ आणि ल्युसिन ८८ यांच्या खोबणीत बसतं, असं सगळीकडे वाचलं. माझ्या स्क्रिप्टला मात्र हा संपर्क सापडत नाही. उलट सहाव्या व्हॅलिनला शेजारीच नाही असं दिसतं. फाइलमध्ये चार साखळ्या आहेत.
— एमएस्सी विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : चूक कुठे झाली ते तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. २एचबीएसच्या मूळ फाइलमध्ये आठ साखळ्या असतात, म्हणजे दोन पूर्ण टेट्रामर (चार साखळ्यांचे रेणू). तुम्ही ‘बायॉलॉजिकल असेंब्ली’ (शरीरात असते तशी रचना) हा पर्याय निवडला असणार. शरीरात हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं असतं, म्हणून त्या फाइलमध्ये एकच टेट्रामर ठेवलेला असतो. तुम्हाला हवा असलेला संपर्क मात्र एका टेट्रामरचं व्हॅलिन आणि दुसऱ्या टेट्रामरची खोबण यांच्यातला आहे. दुसरा टेट्रामरच फाइलमध्ये नाही, तर स्क्रिप्ट बिचारी काय शोधणार? मूळ असिमेट्रिक युनिटची, म्हणजे ज्या भागाच्या प्रतींतून सगळा स्फटिक बनतो त्या भागाची, फाइल घ्या.

तरीही चारही बीटा साखळ्यांतली व्हॅलिनं खोबणीत बसलेली दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. प्रत्येक टेट्रामरमधल्या दोनांपैकी एकच सहावं व्हॅलिन या आडव्या संपर्कात भाग घेतं. काही संपर्क स्फटिकातल्या शेजारच्या प्रतीशी असू शकतात आणि त्या प्रती फाइलमध्ये लिहिलेल्या नसतात. पायमोल या रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘जनरेट’मधल्या ‘सिमेट्री मेट्स’मधून ५ अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आतल्या प्रती तयार करून घ्या. कायमेराएक्स या तशाच सॉफ्टवेअरमध्ये याचसाठी ‘क्रिस्टलकॉन्टॅक्ट्स’ ही आज्ञा आहे. मग व्हॅलिनच्या दोन टोकांच्या कार्बनपासून ४.५ अँगस्ट्रॉमच्या आतलं सगळं यादीत काढा. ८५ आणि ८८ सोबत अलानिन ७० सुद्धा यादीत आलं, तर बरोबर खोबणीत पोचलात.

क्रमांकही तपासा. जनुकीय अहवालात हाच बदल ‘ग्लुटामिक आम्ल ७ चं व्हॅलिन’ असा लिहिलेला असतो, कारण तिथे सुरुवातीचं, नंतर कापलं जाणारं मेथिओनिन मोजलेलं असतं. पीडीबी फाइलमध्ये तेच सहावं. ही गफलत लक्षात येत नाही, कारण निरोगी बीटा साखळीत सहावं आणि सातवं दोन्ही ग्लुटामिक आम्लच आहेत. नुसतं ‘सातव्या जागी ग्लुटामिक आम्ल आहे’ एवढं पाहून समाधान मानलं, तर शेजारच्याच रेसिड्यूचे (साखळीतल्या अमिनो आम्लाचे) संपर्क मोजून मोकळे व्हाल. पहिले सात वाचून घ्या : सिकल साखळीत व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, व्हॅलिन, ग्लुटामिक आम्ल असा क्रम हवा.

प्रश्न : संपर्क धरायला सी-बीटा (अमिनो आम्लाच्या बाजूच्या फांदीचा, म्हणजे साइडचेनचा, पहिला कार्बन) ते सी-बीटा ८ अँगस्ट्रॉम, की कोणत्याही दोन अणूंत ४.५ अँगस्ट्रॉम? प्रत्येक ठिकाणी वेगळी मर्यादा दिलेली असते.
— संशोधक विद्यार्थी, पुणे

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, पण कामं वेगळी आहेत. साखळीची घडी कशी आहे, कोणता भाग कोणाजवळ येतो, हे पाहायचं असेल किंवा अंदाजी संपर्कांशी तुलना करायची असेल, तर सी-बीटा ८ अँगस्ट्रॉम घ्या. कास्प या प्रथिनरचनांच्या अंदाजाच्या स्पर्धेतही तीच व्याख्या वापरतात. ग्लायसिनला सी-बीटा नसतो, तिथे सी-अल्फा (साखळीच्या कण्यातला कार्बन) घ्यायचा. हे विसरलं तर स्क्रिप्ट अडते किंवा, त्याहून वाईट, सगळी ग्लायसिनं गुपचूप गाळते.

म्युटेशनचा परिणाम समजून घ्यायचा असेल तर ८ अँगस्ट्रॉमचा मोह टाळाच, असं आमचं मत. लायसिनची साइडचेन सरळ ताणली तर तिच्या टोकाचा नायट्रोजन सी-अल्फापासून ६ अँगस्ट्रॉमहून लांब जातो. म्हणजे लायसिन आणि ग्लुटामिक आम्लाची टोकं एकमेकांना पक्की धरून असतील, तरी त्यांचे सी-बीटा ८ अँगस्ट्रॉमच्या बाहेर असू शकतात. उलट बाजूला, पाठीला पाठ लावलेली दोन रेसिड्यू ८ च्या आत येतात आणि त्यांच्या साइडचेनचा एकमेकींशी काही संबंध नसतो. अशा कामाला हायड्रोजन सोडून बाकी सर्व अणू घ्या आणि ४.५ अँगस्ट्रॉमची मर्यादा ठेवा. दोन कार्बनांच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्यांची (बंध नसलेले अणू एकमेकांना टेकतात तेव्हाच्या त्रिज्यांची) बेरीज सुमारे ३.४ अँगस्ट्रॉम होते, म्हणजे ४.५ मध्ये थोडी ढील धरलेली आहे. ६ पर्यंत गेलात तर मध्ये पाण्याचा रेणू असलेल्या जोड्याही संपर्क म्हणून येऊ लागतात.

क्रमाने शेजारी असलेली रेसिड्यू वगळावीच लागतात, कारण लगतचे सी-अल्फा जवळजवळ नेहमी ३.८ अँगस्ट्रॉमवर असतात आणि अल्फा हेलिक्समध्ये (साखळीच्या मळसूत्री वळणात) चौथं रेसिड्यूसुद्धा ६.२ च्या आसपास येतं. हिमोग्लोबिन बहुतांश हेलिक्सच असल्यामुळे हे वगळलं नाही तर कॉन्टॅक्ट मॅपच्या (संपर्कांच्या चौकोनी तक्त्याच्या) कर्णाजवळ नुसता जाड पट्टा दिसतो. म्हणून ‘क्रमांकांतला फरक किमान ६’ अशी अट घालतात. ही अट एकाच साखळीच्या आत लावायची. दोन साखळ्यांमध्ये लावली की खरे संपर्क जातात. ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिनमध्ये अल्फाचं अ‍ॅस्परजिन ९७ आणि बीटाचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल ९९ यांच्यात हायड्रोजन बंध असतो. क्रमांकांतला फरक फक्त २, त्यामुळे हा महत्त्वाचा बंध स्क्रिप्टच्या चाळणीतून पहिल्या फटक्यात गळतो.

प्रश्न : ऑक्सिजनरहित २एचएचबी आणि ऑक्सिजनयुक्त १एचएचओ यांचे संपर्क ताडून पाहिले. दुसऱ्यात जवळजवळ निम्मे संपर्क गायब, आणि उरलेल्यांतही शेकडो फरक! एवढा बदल खरंच होतो का?
— प्राध्यापिका, कोल्हापूर

उत्तर : नाही. नागपूरच्या प्रश्नाची ही उलटी बाजू. १एचएचओच्या मूळ फाइलमध्ये एक अल्फा आणि एक बीटा अशा दोनच साखळ्या आहेत, उरलेला अर्धा रेणू स्फटिकाच्या सममितीतून तयार होतो. इथे बायॉलॉजिकल असेंब्लीच हवी. ती जुन्या पीडीबी स्वरूपात घेतली तर दुसरी जोडी ‘मॉडेल २’ म्हणून येते, साखळ्यांची नावं तीच. अनेक स्क्रिप्ट फक्त पहिलं मॉडेल वाचतात आणि तुम्ही पुन्हा दोन साखळ्यांवर येता. एमएमसीआयएफ हे नवं फाइल-स्वरूप घ्या, त्यात प्रतींना वेगळी नावं मिळतात. संपर्क मोजण्याआधी साखळ्या चार आहेत ना, हे छापून पाहायचं.

उरलेले शेकडो फरक बहुतेक काठावरचे असतील. एका रचनेत ४.४ आणि दुसऱ्यात ४.६ असं अंतर असलं की यादी म्हणते ‘संपर्क तुटला’. २ अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या रेझोल्यूशनला (रचनेच्या बारकाव्याला) अणूंच्या जागेतच काही दशांश अँगस्ट्रॉमची अनिश्चितता असते, पृष्ठभागावरच्या लवचीक साइडचेनची तर जास्तच. दोन मर्यादा ठेवा : एकीत ४.५ च्या आत आणि दुसरीत ६ च्या बाहेर असेल तरच बदल धरायचा. मधले बाजूला काढा.

मग जे उरेल त्यात हिमोग्लोबिनची रचना उलगडणारे मॅक्स पेरुत्झ यांनी १९७० मध्ये मांडलेले क्षारसेतू (विरुद्ध विद्युतभारांच्या गटांमधले बंध) दिसायला हवेत, तीच तुमची चाचणी. ऑक्सिजनरहित अवस्थेत अल्फाचं आर्जिनिन १४१ दुसऱ्या अल्फाच्या अ‍ॅस्पार्टिक आम्ल १२६ शी, बीटाचं हिस्टिडिन १४६ त्याच साखळीच्या अ‍ॅस्पार्टिक आम्ल ९४ शी आणि शिवाय अल्फाच्या लायसिन ४० शी जोडलेलं असतं. ऑक्सिजन आल्यावर हे सेतू सुटतात. क्षारसेतूसाठी नायट्रोजन-ऑक्सिजन अंतर ४ अँगस्ट्रॉमपर्यंत धरतात.

लायसिन ४० चा सेतू सापडला नाही, तर घाबरू नका. तो हिस्टिडिनच्या साइडचेनशी नसून साखळीच्या अगदी शेवटच्या कार्बॉक्सिल गटाशी आहे. बहुतेक स्क्रिप्टमध्ये आम्ल म्हणून फक्त अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक लिहिलेली असतात. शेवटच्या रेसिड्यूचे ‘ओ’ आणि ‘ओएक्सटी’ हे अणू त्या यादीत स्वतः घालावे लागतात.

प्रश्न : अल्फाफोल्ड या एआय प्रणालीने वर्तवलेल्या मॉडेलवर हेच सगळं केलं तर चालेल? आणि हायड्रोजन जोडावेत का?
— वाचक, पणजी

उत्तर : हायड्रोजनचं आधी. साध्या अंतराच्या यादीला नकोत. हायड्रोजन बंध देणारा आणि घेणारा अणू ३.५ अँगस्ट्रॉमच्या आत असले की प्राथमिक यादी होते. कोन तपासायचे असतील तर ‘रिड्यूस’ या सॉफ्टवेअरने हायड्रोजन जोडा. ते अ‍ॅस्परजिन, ग्लुटामिन आणि हिस्टिडिनची टोकं उलटी बसली आहेत का, हेही पाहतं. क्ष-किरणांच्या नकाशात नायट्रोजन आणि ऑक्सिजन सारखेच दिसतात, त्यामुळे अशा उलट्या जागा पुष्कळ सापडतात.

अल्फाफोल्डच्या संग्रहातून बीटा ग्लोबिन म्हणून उतरवलेलं मॉडेल एकट्या साखळीचं असेल, तर त्यात अल्फाशी संपर्क शोधण्यात अर्थ नाही. क्रमांक मेथिओनिनपासून सुरू होतात, म्हणून सिकलची जागा तिथे ७. बी-फॅक्टरच्या रकान्यात बी-फॅक्टर (अणूच्या जागेची अस्थिरता) नसतो, पीएलडीडीटी (मॉडेलवरच्या भरवशाचा ० ते १०० आकडा) असतो आणि त्याची दिशा उलटी आहे : जास्त आकडा म्हणजे जास्त भरवसा. ७० च्या खालच्या रेसिड्यूंचे संपर्क वगळा. दोन भाग एकमेकांजवळ दिसले तर पीएईचा तक्ताही उघडा. तिथे त्या दोन भागांमधली अपेक्षित चूक १०-१५ अँगस्ट्रॉम असेल, तर ४.५ च्या मर्यादेने मोजलेले त्यांच्यातले संपर्क अहवालात घालू नका.