साधंच बोलले, तिला एवढं का लागलं?

"मॅडम, मी वाईट काहीच बोलले नाही. तरी तिला लागलं." बेळगाव, खानापूर, निपाणी, माणसं कुठूनही येवोत, हे वाक्य समुपदेशनात माझ्यासमोर येतंच. कधी सासू म्हणते, कधी नवरा, कधी तरण्या मुलाचा बाप. ज्याला लागलं तो म्हणतो, "टोमणाच होता तो." बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात.

शहापुरातली एक सून आली होती. सोसायटीत क्लार्क. संध्याकाळी घरी येऊन ती स्वयंपाकघरात शिरली की सासूबाई म्हणायच्या, "राहू दे गं, मी करते." एवढ्यानं हिला जेवण जायचं नाही.

"राहू दे म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे तुला जमत नाही, बाजूला हो."

"असं त्या म्हणाल्या?"

"म्हणायला कशाला पाहिजे? कळतं की."

अशा वेळी 'मनावर घेऊ नकोस' सांगून उपयोग नसतो. मी विचारलं, ऑफिसात कुणी असं म्हणतं का? ती सहज बोलून गेली, "शेजारच्या टेबलावरच्या कानडी बाई रोज म्हणतात. मी फायली उचलायला गेले की, 'इर्ली बिड्री, ना माडतीनि.'"

"आणि मग?"

"मग काय, बरं वाटतं..." आणि ती गप्प झाली. राहू दे, मी करते. कानडीतही अर्थ अगदी तोच होता, आणि तिच्या ते आत्ता लक्षात आलं होतं.

मराठीतलं 'राहू दे' आधी कुणाकडून ऐकलं होतं, हे मग तिनंच सांगितलं. पीयूसी, म्हणजे बारावी, झाल्यावर तिनं बीकॉमचा फॉर्म आणला होता. वडिलांनी त्याची घडी घातली, कपाटावर ठेवली आणि म्हणाले, "राहू दे आता." विषय तिथंच मिटला. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं, असं ती म्हणाली.

सीमाभागात काम करण्याचा हा फायदा मी पुरेपूर घेते. इथं प्रत्येकाकडे दुसरी भाषा असते, आणि लहानपणीचं दुखणं सहसा पहिल्या भाषेत साठलेलं असतं. तुर्की मातृभाषा असलेल्या लोकांवरचा २००३ सालचा एक अभ्यास आहे. मोठ्यांचं रागावणं तुर्कीत ऐकताना त्यांच्या त्वचेवर उमटलेली प्रतिक्रिया इंग्रजीपेक्षा तीव्र होती.

पुढच्या भेटीत सासूबाईंनाही बोलावलं. शब्द मनाला कसा वाटतो हे मोजायची एक पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ऑसगुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये मांडली. विरुद्ध शब्दांची जोडी, मधे सात घरं, आपल्याला वाटेल तिथं खूण. 'राहू दे'साठी मी एका टोकाला 'माया' लिहिलं, दुसऱ्या टोकाला 'अपमान'. सुनेची खूण अपमानाला चिकटून. सासूबाईंनी जराही न थांबता मायेच्या घरात केली. "आमच्या सासूनं कधी राहू दे म्हटलं न्हाई. पाठ मोडली तरी न्हाई. मला वाटायचं, कुणीतरी म्हणावं."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. माझं काम तिथं बरंचसं झालं होतं.

आपल्या काव्यशास्त्रानं सरळ अर्थाला अभिधा म्हटलं आणि सुचणाऱ्या अर्थाला व्यंजना. कवितेतली व्यंजना सगळ्या रसिकांना कळावी अशी असते. घरातल्या शब्दाची व्यंजना मात्र एकेकट्याची असते, हे इतकी वर्षं माणसं ऐकून माझं पक्कं झालं आहे. म्हणून 'मी साधंच बोलले' असं म्हणत वाद घालू नका. "हा शब्द तुला कसा ऐकू येतो?" एवढं विचारा. आणि ज्याला लागतं त्यानं तेच वाक्य दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या माणसाच्या तोंडी घालून बघावं. बोच कमी झाली, तर तो शब्द आधी कुणाकडून ऐकला ते आठवावं आणि घरात उघड सांगावं. सासूबाई आता "दोघी मिळून करू" म्हणतात.

भाषा बदलली, माणूस बदलला, तरी तितकंच बोचत असेल, तर टोमणा खरा असू शकतो. तिथं सोसून घ्या असं मी कुणालाच सांगत नाही. अशा घरात आधी बोलणाऱ्याशी बोलावं लागतं.