‘बाकीचे १२ कुठं गेले?’

“लहानपणी वडिलांनी जवळ केलं नाही, त्याचं ओझं आता जन्मभर वाहायचं का?” सांगलीत समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी विशीतली पोरं हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा विट्याकडचा, वय २३, खासगी नोकरीत. वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यामुळं दक्षिणेत, गावी येणं दिवाळीला आणि जत्रेला. फोनवर विचारणा मार्कांचीच. ८८ सांगितले की पलीकडून, “बाकीचे १२ कुठं गेले?”

पण तो वडिलांची तक्रार घेऊन आलाच नव्हता. साहेब “जरा आत या” म्हणाले की पोटात गोळा यायचा: आता काढणार. मित्रानं मेसेज वाचून उत्तर दिलं नाही: मी नकोसा झालोय. कुणी कौतुक केलं तर, उगीच म्हणतोय.

आईवडिलांच्या स्वीकार-नकारावर अनेक दशकं संशोधन करणारे अमेरिकेतले रोनाल्ड रोनर मारहाणीइतकंच कोरडेपणा आणि दुर्लक्ष यांनाही नकार मानतात. मुलाला काय जाणवलं, याला ते फार महत्त्व देतात. बाप भट्टीपुढं पोरासाठीच राबत असेल. पण ‘मी त्यांना हवा आहे’ हे पोरापर्यंत पोचलं नाही, तर ते पुढं अनेकदा साऱ्या जगाकडून नकारच धरून चालतं. ही शिकलेली सवय आहे आणि मोठेपणी ती बदलता येते, हे मी रोज बघते. (जगणंच नकोसं वाटत असेल तर मात्र थांबू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.)

मनातले विचार तपासून बघायला शिकवणाऱ्या, मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या उपचारपद्धतीतली वही त्याला दिली. तीन रकाने: काय घडलं, मनात काय आलं, पुरावा काय. दोन आठवडे तिसरा रकाना कोराच. मग एक ओळ आली: “साहेबांना फक्त बिलाची फाइल हवी होती.” ती मी त्याला मोठ्यानं वाचायला लावली.

आई म्हणाली, “बापाला माफ कर म्हणावं त्याला.” मी तसं सांगितलं नाही. दुखावलेल्या पोरावर समजूतदारपणाची सक्ती मला पटत नाही.

दिवाळीत त्यानं वडिलांना आपणहून विचारलं, “दादा, माझं कधी काही आवडलं का तुम्हाला?” दादा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आमच्या बापानं आम्हाला कधी सांगितलं व्हतं?”

त्या रात्रीची नोंद त्यानं मला दाखवली. मनात काय आलं: मी त्यांना आवडत नाही. पुरावा: नाही. दादांना बोलता येत नाही, एवढंच दिसलं.