आधी वही, मग सॉफ्टवेअर

बापू, वरुडात बसून पाच धातूंच्या ऑक्साइडची स्फटिकरचना शोधतोस, मनापासून आनंद झाला. पण आधी वहीवर आयनांचे, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंचे, धन-ऋण भार जुळव. बेरीज शून्य येत नसेल तर पुढं जाऊच नको.

मग आयनांच्या त्रिज्या. नवखे इथंच फसतात, मीही फसलो होतो. शॅननच्या १९७६च्या आयन-त्रिज्यांच्या तक्त्यात एकाच आयनाच्या अनेक त्रिज्या आहेत, भोवती किती शेजारी आहेत त्यानुसार. कॅल्शियम टायटनेटमध्ये कॅल्शियमभोवती १२ ऑक्सिजन धरून १.३४ अँगस्ट्रॉम घेतलं, तर गोल्डश्मिटचा टॉलरन्स फॅक्टर, म्हणजे आयन रचनेत किती नीट बसतात ते सांगणारं गुणोत्तर, ०.९७ येतो, ६ ऑक्सिजनवाली १.०० घेतली तर ०.८५!

आणि पाच धातूंच्या नुसत्या सरासरी त्रिज्येवर भागवू नको. संत्र्याच्या पेटीत लिंबं अन् मोसंब्या मिसळल्या, तर सरासरी बरोबर दिसते, थर मात्र बसत नाही.

डीएफटी, म्हणजे सॉफ्टवेअरनं करायचं इलेक्ट्रॉनांचं क्वांटम गणित, सध्या राहू दे. दहा ओळखीचे पेरोव्हस्काइट (कॅल्शियम टायटनेटसारख्या रचनेची संयुगं) हातानं सोडव, मग आकडे दाखव.