बेसबॉलमध्ये २२-० असा निकाल कसा काय लागतो? इतका मार पडत असताना सामना थांबवत का नाहीत?

लागतो, आणि १९०० नंतरच्या मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वांत वरची व्यावसायिक लीग) नेमका हाच निकाल दोनदा लागलाय. १६ सप्टेंबर १९७५ ला शिकागोच्या रिग्ली फील्डवर पिट्सबर्ग पायरेट्सनी शिकागो कब्जना २२-० ने धुतलं. ३१ ऑगस्ट २००४ ला क्लीव्हलँडने न्यूयॉर्क यांकीजची त्यांच्याच मैदानात तीच गत केली. १८८३ मध्ये एक २८-० पण आहे, पण तेव्हाचा खेळच वेगळा होता, तो सोडा.

क्रिकेटमध्ये पुरेशा धावा झाल्या की कॅप्टन डाव घोषित करतो. इथे ती सोय नाही. तीन जण बाद होईपर्यंत इनिंग चालू, आणि नऊ बॅटर संपले की पुन्हा पहिला येतो. म्हणजे पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) दिवस खराब असेल तर त्याच इनिंगमध्ये त्याच बॅटरचा मार दुसऱ्यांदा खायचा.

१९७५ ला हेच झालं. पायरेट्सनी पहिल्याच इनिंगमध्ये ९ रन काढले. कब्जचा पिचर रिक रॉयशेल फक्त एकाला बाद करून तंबूत परतला. पायरेट्सचा पहिल्या क्रमांकाचा बॅटर रेनी स्टेनेट पहिल्या इनिंगमध्ये दोनदा आला, दोन्हीदा हिट, म्हणजे फटका मारून सुखरूप बेसवर (टप्प्यावर) पोचला. पाचव्यात परत दोनदा, परत दोन्हीदा हिट. शेवटी सातपैकी सात! नऊ इनिंगच्या सामन्यात विसाव्या शतकात तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं. सातवा फटका ट्रिपल, म्हणजे थेट तिसऱ्या बेसवर नेणारा, तोही रिकचा भाऊ पॉल रॉयशेल पिचिंग करत असताना. याच दोन भावांनी महिनाही झाला नव्हता, तेव्हा २१ ऑगस्टला डॉजर्सना मिळून शून्यावर ठेवलं होतं. दोन भावांनी मिळून केलेला तो मेजर लीगमधला पहिला शटआउट.

मोठ्या पिछाडीत मॅनेजरचं गणितही बदलतं. हरलेल्या सामन्यासाठी चांगले रिलीव्हर (मधूनच येणारे बदली पिचर) कोण वाया घालवणार? उद्या परत सामना आहेच. मग खालच्या फळीतले पिचर येतात आणि आकडा आणखी फुगतो. ८ किंवा जास्त रननी मागे असाल तर साध्या फील्डरलाही पिचिंगला आणता येतं, आणि ते बघायला लोकांना भलतीच मजा येते. सामना अर्ध्यात संपवायचा नियम वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या स्पर्धेत आहे: पाच इनिंगनंतर १५ किंवा सातनंतर १० रनची आघाडी असली की खेळ खलास. मेजर लीगमध्ये मात्र तसं काही नाही.

मला विचाराल तर २२ पेक्षा ते शून्य जास्त अवघड आहे. आपली टीम अर्धा अर्धा तास बॅटिंग करत असते तेव्हा आपला पिचर बाकावर बसून थंड होत असतो. नेहमीचे खेळाडू विश्रांतीला जातात, बदली येतात, सगळेच थोडे सैल पडतात. एक होमरन (थेट रन मिळवून देणारा फटका) बसला की शून्य गेलं. २००७ मध्ये टेक्सास रेंजर्सनी तब्बल ३० रन ठोकले, तरी बाल्टिमोरने ३ काढलेच. १९७५ ला मात्र कब्जना सगळ्या मिळून हिटच ३ मिळाल्या. पायरेट्सचा पिचर जॉन कँडेलारियाने त्यांना हलूच दिलं नाही.

आणि हरणाऱ्याचं फार नुकसान होतं असंही नाही. १६२ सामन्यांच्या हंगामात २२-० चा पराभव आणि १-० चा पराभव, दोन्ही तक्त्यात एकेकच. २००४ चे यांकीज त्यांच्या इतिहासातला सर्वांत मोठा पराभव पचवून १०१ सामने जिंकले आणि आपल्या गटात पहिले आले. त्या वर्षीची त्यांची खरी जखम ऑक्टोबरमधल्या बाद फेरीतली: बॉस्टन रेड सॉक्सविरुद्धच्या मालिकेत ३-० सामन्यांची आघाडी असताना पुढचे चारही सामने घालवले. त्याच मालिकेतला तिसरा सामना यांकीजनी १९-८ ने जिंकला होता, बरं का!