समुद्रतळाचा पहिला नकाशा करताय? मग एवढंच बघा

अख्ख्या हिंदी महासागराला एकदम हात घालू नका, मालवण-वेंगुर्ल्याचा तुकडा घ्या, क्यूजीआयएसमध्ये (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) जेब्कोचा (जगभरच्या समुद्राची खोली नकाशावर आणणारा प्रकल्प) फुकट ग्रिड, म्हणजे चौकोनाचौकोनात खोली भरलेली जाळी, टाका. नवीन लोक इथेच गंडतात: त्याचा एक चौकोन १५ आर्क-सेकंदांचा, म्हणजे साधारण साडेचारशे मीटर, त्यामुळे कितीही झूम केलं तरी छोटे खडक दिसणार नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी खोली मोजलेली नसून अंदाजाने भरलेली असते, कुठली खोली कशावरून आली ते सांगणारा सोबतचा टीआयडी ग्रिड उघडून बघाच.

किनारा ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा) काढणार असाल तर:
- रेषा भरतीची, ओहोटीच्या फोटोवरून नको
- रेषा काढत जाताना जमीन डाव्या हाताला, उलटं झालं की गाव पाण्यात!

प्रोजेक्शनचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर कशी मांडायची ते, नंतर बघू. आणि हो, या नकाशावर होडी नेऊ नका, त्याला डेहराडूनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाचे चार्टच लागतात.