शुगर लपवून टर्म प्लॅन घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा : वय 38, नाशिकला खासगी नोकरी, पत्नी घर सांभाळते, दोन मुलं, घराचं 32 लाखांचं कर्ज. दोन वर्षांपासून मधुमेह, रोज गोळी चालू. एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा विमा, घ्यायचाय. ओळखीतला एजंट म्हणतो, "शुगरचं लिहू नका, हप्ता वाढेल. तीन वर्षं गेली की कंपनी काही करू शकत नाही."

लिहा. गोळीच्या नावासकट लिहा.

एजंटचं म्हणणं अर्धं खरं आहे. विमा कायद्याचं कलम 45 हे 2015 साली बदललं. तेव्हापासून तीन वर्षं पूर्ण झालेल्या पॉलिसीवर कंपनी कोणत्याही कारणाने बोट ठेवू शकत नाही. पण हप्ता थकून बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली, तर ही तीन वर्षं नव्याने मोजतात. आणि तीन वर्षं व्हायच्या आधीच तुमचं काही बरंवाईट झालं तर?

लवकर आलेल्या क्लेमची कंपनी कसून चौकशी करते. समजा, रात्री छातीत दुखायला लागलं म्हणून तुम्हाला दवाखान्यात नेलं. डॉक्टर विचारतील, आधीचा काही आजार? वहिनी खरं तेच सांगतील, सांगायलाच हवं, कारण उपचार त्यावर ठरतात. केसपेपरवर 'दोन वर्षांपासून मधुमेह' अशी नोंद होईल आणि क्लेमच्या वेळी कंपनी नेमका तोच कागद मागवेल. मृत्यू मधुमेहाने झालाच नाही, असं वहिनी म्हणाल्या तरी ते टिकेलच असं नाही. आधी कळलं असतं तर याच अटींवर विमा दिला असता का, हे कंपनी बघते. मुद्दाम लपवलं असं ठरलं तर भरलेले हप्तेही जातात. तुमच्या सहीचा जाब तुमच्या माघारी त्यांनी द्यायचा, हे मला अजिबात पटत नाही.

आता हप्त्याचं बघू. निरोगी माणसाचा म्हणून तुम्हाला वर्षाला 18 हजार सांगितलेत. मधुमेहामुळे त्यावर 50 टक्के चढवले असं धरलं तर 27 हजार, म्हणजे महिन्याला 750 रुपये जास्त. तेवढं झेपत नसेल तर 75 लाखांचा विमा घ्या, हप्ता साधारण 20 हजारांवर येईल. कर्ज फेडून घरच्यांच्या हाती 43 लाख उरतील. कमी आहेत, मान्य; पण ते मिळतील.

फॉर्म स्वतः भरा, एजंटला ओटीपी देऊन मोकळे होऊ नका. तंबाखू, आईवडिलांचे आजार, आधीच्या पॉलिसी, सगळं लिहा. एखाद्या कंपनीने नकार दिला तर पुढच्या फॉर्ममध्ये तेही सांगावं लागतं. पॉलिसी हातात आली की सोबतची फॉर्मची प्रत वाचून काढा. काही चुकलं असेल तर लगेच लेखी कळवा. अटी पटल्या नाहीत तर 30 दिवसांत पॉलिसी परतही करता येते.

अर्ज करण्याआधी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. आकडा फार वर असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी तो खाली आणा, कारण अशा वेळी कंपन्या बऱ्याचदा अर्ज काही महिने पुढे ढकलतात.