वाचक विचारतात : गुळवेल, संत्री आणि ग्रूपवरचे सल्ले

प्रश्न : वडिलांचं किडनी प्रत्यारोपण होऊन आठ महिने झाले. व्हॉट्सॲप ग्रूपवर कुणी गुळवेलीचा काढा घ्या म्हणतं, कुणी संत्री बंद करा म्हणतं. डॉक्टरांकडे पाच मिनिटं मिळतात. खरी माहिती शोधायची कुठे?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : 'किडनी पेशंटने काय खावं' असं शोधलं, की डायलिसिसवाल्यांची पथ्यं समोर येतात. ती वडिलांना लागू असतीलच असं नाही. त्यापेक्षा औषधाच्या नावानं शोधा. गोळ्यांच्या पट्टीच्या मागे ब्रँडजवळ बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं. बहुतेकांना टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन चालू असतं. केमिस्टनं पट्टी कापून नाव गेलं असेल तर बिलावर लिहून घ्या.

गुळवेल नकोच. या गोळ्या प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. गुळवेलीनं ती चाळवली, तर शरीर नवी किडनी परकी ठरवू शकतं. शिवाय गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

संत्र्यांचा घोळ बहुधा ग्रेपफ्रूटवरून झालाय. ते फळ आतड्यातलं टॅक्रोलिमस मोडणारं एन्झाइम अडवतं. औषधाची रक्तातली पातळी चढते आणि ताण किडनीवरच येतो. आपल्याकडे त्याचं भावंड म्हणजे गणपतीत बाजारात दिसणारं पपनस. ते टाळा. नागपुरी संत्र्याची ही अडचण नाही. (पोटॅशियम वाढलेलं असेल तर मात्र किती खायची ते विचारून.) नागपुरात राहून संत्री सोडायची वेळ उगाच कशाला आणायची!

ग्रूप धीर द्यायला, औषध कुठे स्वस्त मिळतं ते कळायला चांगला. डोससाठी अजिबात नाही. पहिल्या काही महिन्यांत टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी, म्हणजे लेव्हल, जास्त ठेवतात, पुढे उतरवतात. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

डॉक्टरांना वेळ नसेल तर रुग्णालयातल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरना मेसेज करा, पण 'बाबांना खोकला आहे, काय करू' एवढाच नको. असा लिहा : 'प्रत्यारोपण अमुक तारखेला. टॅक्रोलिमस १ मि.ग्रॅ. सकाळ-संध्याकाळ. मागची लेव्हल ६.२, क्रिएटिनीन १.३. फॅमिली डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलंय, सुरू करू का?' या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'थांबा' असंच येईल, कारण क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकनं टॅक्रोलिमसची लेव्हल झपाट्यानं चढते. अंगदुखीवरच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनचंही विचारल्याशिवाय नाही. त्या किडनीचा रक्तपुरवठा घटवतात. ताप १००.४ च्या वर गेला, लघवी कमी झाली किंवा जुलाब थांबेनात, तर मात्र शोधत बसू नका, फोन करा.

प्रश्न : टॅक्रोलिमस लेव्हलच्या दिवशी सकाळची गोळी घेऊन गेलो तर बिघडतं का?

उत्तर : बिघडतं. रक्त रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळच्या गोळीआधी द्यायचं. गोळी घेऊन गेलात तर आकडा फुगतो, त्यावरून डोस कमी केला जातो आणि किडनीचं संरक्षण घटतं. गोळी खिशात ठेवा, रक्त दिल्यावर घ्या. चुकून घेतलीच असेल तर लॅबमध्ये तसं सांगा आणि दुसऱ्या दिवशी जा.